डाळीचा भाव आणि गुदामाचें कुलूप

महागाईची बातमी वर्तमानपत्रांत येण्यापूर्वींच ती स्वयंपाकघरांत पोंचलेली असते. कोठीच्या खोलींतील डाळीचा डबा नेहमींपेक्षां चार दिवस आधीं तळ दाखवूं लागला, कीं घरांतील वडील बायकांस अर्थशास्त्राचें एकही पुस्तक न उघडतां बाजाराची स्थिति कळते. वरण पातळ होतें, आमटींत डाळ कमी व दुधी अधिक दिसूं लागतो, आणि पुरणाचा बेत पुढच्या सणावर ढकलला जातो. मग रात्रीच्या पंगतीस पुरुषमंडळींत वाद सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, व्यापारी माल दडवून बसले आहेत; दुसरा म्हणतो, सरकार झोंपलें आहे. हे दोन्ही पक्ष फार जुने आहेत, दोहोंच्या म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे, आणि दोहोंपैकीं कोणासही मूळ दुखणें मात्र सांपडलेलें नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रस्तुत लेखांत सर्व जिनसांचा ऊहापोह करण्याऐवजीं तूरडाळ हा एकच जिन्नस आम्ही मुख्यत्वेंकरून घेतला आहे. शाकाहारी घरांत शरीराचें पोषण डाळीवर व दुधावर चालतें. मुलांच्या ताटांतील वरण कमी झालें तर त्याची भरपाई दुसऱ्या कशानें सहज होत नाहीं. शिवाय तूर हें आमच्या विदर्भाचें पीक. जें आपल्या शेतांत पिकतें तेंच आपल्या घरांत महाग कां व्हावें, हा प्रश्न नागपूरकराइतका दुसऱ्या कोणास टोंचणार ?

वाडीचीं गुदामें

नागपूरच्या पश्चिमेस अमरावतीच्या हमरस्त्यावर वाडी हें गांव आहे. पूर्वीं तेथें ग्रामपंचायत होती. आतां नगर परिषद झाली आहे. एका अंगास अंबाझरीची आयुध निर्माणी व तिची वसाहत, दुसऱ्या अंगास दत्तवाडीसारखी गजबजलेली वस्ती, आणि खडगांवच्या रस्त्यानें पुढें गेलें कीं पत्र्याच्या उंच छपरांचीं गुदामें. देशाचे उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे मोठे रस्ते नागपुरापाशीं एकमेकांस मिळतात. त्यामुळें चारी दिशांचा माल येथें उतरतो, कांहीं दिवस विसावा घेतो आणि पुढच्या गाडीनें मार्गस्थ होतो. २०१७ च्या जुलैंत देशभर वस्तु व सेवा कर सुरू झाला, तेव्हांपासून प्रत्येक प्रांतांत निराळें कोठार ठेवण्याची कंपन्यांची गरज कमी झाली आणि अशा मध्यवर्ती जागेचें महत्त्व आणखी वाढलें.

वाडींत उभें राहिलें असतां महागाईच्या प्रश्नांतील तिन्ही पक्ष एका नजरेंत येतात. कोंढाळी, तळेगांव, तिवसा ह्या बाजूचा शेतमाल ज्या रस्त्यानें नागपूरच्या बाजाराकडे येतो तो रस्ता समोर आहे. माल सांठविणारें गुदाम शेजारीं आहे. आणि महिनाअखेरीस डाळीचा हिशेब करणारें कुटुंबही तेथेंच राहतें. गुदामाचें कुलूप पाहून सामान्य गृहस्थास संशय यावा हें स्वाभाविक आहे. पण कुलूप आणि सांठेबाजी ह्या कांहीं एकच गोष्टी नव्हत. तूर वर्षांतून एकदां, थंडीच्या अखेरीस, खळ्यांतून घरीं येते. वरण मात्र रोज लागतें. म्हणजे बारा महिन्यांचा माल कोणाच्या तरी छपराखालीं राहिलाच पाहिजे. कोणीं सांठविलीच नाहीं, तर श्रावणांत डाळ यावयाची कोठून ? खरा अपराध माल सांठविण्याचा नसून, टंचाईच्या दिवसांत भाव आणखी चढेल ह्या आशेनें तो अडवून धरण्याचा आहे; आणि ह्या दोहोंतील सीमारेषा बाहेरून कुलुपाकडे पाहून ओळखतां येत नाहीं.

२०१५ चा दसरा

ही गोष्ट नीट समजण्यासाठीं फार मागें जावयास नको. २०१४ आणि २०१५ ह्या दोन्ही वर्षीं पावसानें दगा दिला. देशाच्या सरासरीपेक्षां पहिल्या वर्षीं सुमारें बारा टक्के आणि दुसऱ्या वर्षीं सुमारें चौदा टक्के पाऊस कमी पडला. कपाशींत आणि सोयाबीनांत ओळीनें पेरलेली तूर ही बहुतेक ठिकाणीं केवळ पावसाच्या भरंवशावर उभी असते. देशांतील तुरीचें उत्पन्न २०१३-१४ सालीं सुमारें ३२ लाख टन होतें, तें २०१५-१६ सालीं २६ लाख टनांच्याही खालीं आलें. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ऐंशी-नव्वद रुपये किलोची तूरडाळ २०१५ च्या ऑक्टोबरांत, ऐन दसऱ्याच्या सुमारास, दोनशें रुपयांवर गेली.

दहा माणसांचें एक एकत्र कुटुंब घेऊं. दोन वेळच्या वरण-आमटीस दिवसाकांठीं चारशें ग्रॅम डाळ धरली, तर महिन्यास बारा किलो लागते. पूर्वीं जो खर्च हजार रुपयांच्या आंतबाहेर होता, तो त्या महिन्यांत २,४०० रुपयांवर गेला. पगारदार घरांत हा फरक कुरकुर करून सोसला जातो. परंतु ज्या घराची सारी मिळकतच महिन्यास आठ-दहा हजार आहे, त्या घरांत डाळच गळते. मुलांच्या ताटांत भात आणि मिरचीचा ठेंचा उरतो.

आतां ही डाळ शेतकऱ्यानें कोणत्या भावानें दिली होती तें पाहूं. दसऱ्यास जी डाळ आपण खाल्ली ती बहुतेक त्या वर्षाच्या आरंभीं निघालेल्या पिकाची. त्या हंगामासाठीं सरकारनें ठरविलेला आधारभूत भाव क्विंटलास ४,३५० रुपये होता. बाजारांत त्याहून कांहीसें अधिक मिळालें हें खरें. शंभर किलो तूर भरडली असतां साधारण सत्तर ते पंच्याहत्तर किलो डाळ निघते. म्हणजे आधारभूत भावानें हिशेब केला, तर डाळीच्या किलोमागें तुरीची किंमत साठ रुपयांच्या आसपास पडते. गिरणीचा खर्च, वाहतूक, व्याज, घाऊक आणि किरकोळ व्यापाऱ्याची मिळकत हें सारें त्यावर चढवलें, तरी दोनशेंपर्यंत पोंचण्यास मोठी मजल उरते. ती मजल टंचाईनें आणि टंचाईच्या भीतीनें मारली. शेतकऱ्याच्या पदरांत मात्र त्यांतलें फारसें कांहीं पडलें नाहीं; कारण भाव चढला तेव्हां त्याच्या घरीं तूर शिल्लकच नव्हती. बीं-बियाण्याचें देणें आणि सावकाराचें अथवा बँकेचें कर्ज त्याला उन्हाळ्यापर्यंत थांबूं देत नाहीं.

सरकार त्या वेळीं स्वस्थ बसलें होतें असें म्हणणें अन्यायाचें होईल. २०१५ च्या ऑक्टोबरांत सांठ्यावरील मर्यादेच्या कक्षेंत आयात करणारे, मालावर प्रक्रिया करणारे कारखानदार आणि मोठीं दुकानें ह्यांनाही घेण्यांत आलें. ठिकठिकाणीं छापे पडले. जप्त झालेल्या मालांत सर्वांत मोठा वांटा महाराष्ट्राचा होता. जप्त डाळ हमीपत्र लिहून घेऊन व्यापाऱ्यांस परत द्यावी आणि ती त्यांनीं शंभर रुपये किलोनें विकावी, असा मार्ग राज्य सरकारनें काढला. डाळींच्या भावाचें नियंत्रण करणाऱ्या कायद्याचा मसुदा राज्य मंत्रिमंडळानें २०१६ च्या एप्रिलांत संमत केला. केंद्रानें परदेशांतून डाळ आणविली आणि २०१६ च्या जुलैंत आफ्रिकेंतील मोझांबिक देशाशीं दीर्घ मुदतीचा खरेदीकरार केला. इतकें सगळें करूनही २०१६ च्या पावसाळ्यापर्यंत डाळ म्हणण्यासारखी उतरली नाहीं. ती उतरली नवें पीक दृष्टीस पडूं लागलें तेव्हां. तहान लागल्यावर विहीर खणावयास घेतली, आणि पाणी लागण्यापूर्वीं पाऊस आला, असा हा प्रकार झाला.

कायद्याची कुळकथा

गुदामाचें दार ठोठावण्याची ही सरकारी संवय कोठून आली, हें जाणण्यासारखें आहे. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेला आणि तेथला तांदूळ येणें थांबलें. १९४२ च्या अखेरीस हिंदुस्थान सरकारनें स्वतंत्र अन्नखातें उघडलें; १९४३ च्या मे महिन्यांत मुंबई शहरांत शिधापत्रिकेवर धान्य मिळूं लागलें, आणि मग ती पद्धति शहरोशहरीं पसरली. युद्ध संपलें, तरी टंचाई संपली नाहीं. म्हणून १९४६ सालीं जीवनावश्यक पुरवठ्याचा एक तात्पुरता कायदा झाला. १९४७ च्या डिसेंबरांत, महात्मा गांधींच्या आग्रहानंतर, नियंत्रणें उठविण्यास आरंभ झाला. भाव भडकतांच १९४८ च्या सप्टेंबरांत तीं पुन्हां लादावीं लागलीं. अखेर १९५५ सालीं जीवनावश्यक वस्तु कायदा झाला, आणि तात्पुरती म्हणून आलेली व्यवस्था कायमची होऊन बसली.

हा कायदा युद्धकाळच्या टंचाईचें अपत्य आहे. माल थोडा आहे आणि तो दडविला जात आहे, एवढेंच त्याच्या डोळ्यांपुढें असतें. २०२० सालीं सरकारनेंच त्यास मुरड घातली. नाशवंत फळभाज्यांचा भाव दुप्पट झाला, अथवा टिकाऊ धान्याचा भाव दीडपट झाला, तरच सांठ्यावर मर्यादा घालावी, असें ठरलें. सर्वोच्च न्यायालयानें २०२१ च्या जानेवारींत त्या तरतुदीस स्थगिति दिली. त्याच वर्षीं जुलैंत सरकारनें डाळींवर सांठ्याची मर्यादा पुन्हां घातली. आणि वर्षाच्या शेवटीं कृषिकायद्यांबरोबर ती दुरुस्तीही रद्द झाली. सत्तेवर कोणीही असो, भाव चढला कीं हात जुन्याच हत्याराकडे जातो, एवढें ह्यावरून दिसून येईल.

चाकाचा दुसरा फेरा

वाचकांनीं ह्यापुढील भाग विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी आमची विनंति आहे; कारण आपल्या घरांत त्याची चर्चा सहसा होत नाहीं. दोनशें रुपयांची डाळ पाहून २०१६ च्या मृगांत शेतकऱ्यांनीं तुरीचा पेरा वाढविला. सरकारनेंही त्यांस तसेंच सांगितलें आणि आधारभूत भाव वाढवून ५,०५० रुपये केला. पाऊस बरा झाला. देशांत तूर सुमारें ४९ लाख टन, म्हणजे आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट पिकली. महाराष्ट्रांत तर चौपटीहून अधिक. इकडे परदेशांतून आणविलेली सुमारें सात लाख टन तूरही त्याच वर्षांत बंदरांत उतरली, आणि २००६ पासून असलेली डाळींची निर्यातबंदी तशीच चालू राहिली. आंत येण्याचें दार सताड उघडें, बाहेर जाण्याचें बंद, आणि मध्यें दुप्पट पीक. मग भाव कोठें जाणार?

२०१७ च्या आरंभीं विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारांत तूर ठरलेल्या भावापेक्षां हजार-हजार रुपये खालीं गेली. सरकारी खरेदीकेंद्रांपुढें बैलगाड्या आणि ट्रॅक्टर ह्यांच्या रांगा लागल्या. कोठें बारदाना संपला, कोठें ठेवण्यास गुदाम नव्हतें, कोठें मुदत संपली म्हणून वजनकांटा थांबला. ज्या शेतकऱ्यानें देशाची डाळीची तूट भरून काढली, तो आपल्याच पोत्यांवर रात्री झोंपून दिवस मोजीत होता. त्या वर्षींच्या जून महिन्यांत नगर जिल्ह्यांतील पुणतांब्यापासून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. त्यास इतर कारणें होतीं, पण तुरीचा हा चटका ताजा होता. निर्यातबंदी उठली ती सप्टेंबरांत. तोंपर्यंत गरजू शेतकऱ्याची तूर विकून झाली होती.

अशी वेळ येईल हें कोणास दिसत नव्हतें असें नाहीं. केंद्राचे मुख्य आर्थिक सल्लागार अरविंद सुब्रमण्यन ह्यांच्या समितीनें २०१६ च्या सप्टेंबरांतच आपला अहवाल दिला होता. डाळींची सरकारी खरेदी युद्धपातळीवर करा, निर्यातबंदी उठवा, सांठ्याच्या मर्यादा काढा, आणि तुरीचा आधारभूत भाव पुढील हंगामांत ६,००० रुपये करा, असें त्यांत स्पष्ट लिहिलें होतें. तो ६,००० चा आंकडा प्रत्यक्षांत २०२०-२१ सालीं उजाडला.

चाक तेथेंच थांबलें नाहीं. भावानें पोळलेल्या शेतकऱ्यांनीं पुढें हात आंखडला. २०२१-२२ सालीं ४२ लाख टनांवर असलेली तूर पुढच्या वर्षीं ३३ लाख टनांवर आली. २०२३ मध्यें डाळ पुन्हां दीडशेंच्या घरांत पोंचली. लगेच २ जून २०२३ रोजीं सांठ्याची मर्यादा आली : घाऊक व्यापाऱ्यास दोनशें टन, किरकोळ दुकानास पांच टन, आणि गिरणीवाल्यास मागल्या तीन महिन्यांचें उत्पन्न किंवा वर्षाच्या क्षमतेचा चौथा हिस्सा ह्यांपैकीं जें अधिक असेल तें. जुलैंत ‘भारत डाळ’ ह्या नांवानें हरभऱ्याची डाळ साठ रुपये किलोनें विकण्यास आरंभ झाला. २०२४ च्या जूनमध्यें मर्यादा पुन्हां लागू झाली. आयातीवरील कर माफच होता; २०२४-२५ सालीं विक्रमी, म्हणजे बारा लाख टनांच्या आसपास, तूर बाहेरून आली. आणि २०२५ च्या फेब्रुवारींत, शेतकऱ्याची नवी तूर बाजारांत येतांच, भाव ७,५५० ह्या आधारभूत किंमतीच्या खालीं उतरला. जें २०१७ मध्यें घडलें तेंच, थोड्या सौम्य रूपानें, आठ वर्षांनीं पुन्हां घडलें.

कांद्याची कथा ह्याहून वेगळी नाहीं. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर चाळीस टक्के कर, डिसेंबरांत संपूर्ण बंदी, आणि ४ मे २०२४ रोजीं ती बंदी मागें; शहरांतला कांदा आटोक्यांत आला, पण त्याची किंमत नाशिकच्या शेतकऱ्यानें मोजली. गोडेतेलाचें पारडें त्याहून परस्वाधीन. आपल्या गरजेचें निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येतें. युक्रेनांत युद्ध पेटलें किंवा इंडोनेशियानें पामतेल अडविलें, कीं आमच्या कढईंतील तेल महागतें. २०२४ च्या सप्टेंबरांत सोयाबीनवाल्या शेतकऱ्यासाठीं तेलावरील आयातकर वाढविला, आणि २०२५ च्या मे महिन्यांत ग्राहकासाठीं कच्च्या तेलावरील कर कमी केला. दोघांनाही एकाच वेळीं संतोष देणें सोपें नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु नऊ महिन्यांत धोरण फिरत असेल, तर पेरणारानें कशाच्या आधारावर पेरावें ?

आमचें मुख्य म्हणणें येथें आहे. महागाई आणि मातीमोल भाव हीं दोन निरनिराळीं संकटें नव्हत. तीं एकाच चाकाचे दोन फेरे आहेत. एका वर्षीं शहरास स्वस्ताई देण्यासाठीं शेतकऱ्याचा भाव पाडला, कीं दोन वर्षांनीं तीच स्वस्ताई दामदुप्पट होऊन आपल्या स्वयंपाकघरांत परत येते. छापा घालणाऱ्या अधिकाऱ्यास गुदामाचें कुलूप दिसतें. ज्या शेतांत ह्या टंचाईचें बीं पेरलें गेलें, तें शेत त्यास दिसत नाहीं.

एकाच गांवांतील दोन घरें

तथापि भाव चढला असतां सर्वांनाच सारखें सोसावें लागतें असें नाहीं. पुन्हां वाडीकडे वळूं. आयुध निर्माणींतील कर्मचाऱ्याच्या पगारांत महागाई भत्ता असतो. केंद्र सरकारचें श्रम कार्यालय देशांतील ८८ केंद्रांतून कामगारांच्या नित्य गरजेच्या वस्तूंचे भाव गोळा करतें. नागपूर हेंही त्यांतील एक केंद्र आहे. त्या निर्देशांकावरून वर्षांतून दोनदां, जानेवारी व जुलैपासून, भत्ता वाढतो. केंद्रीय नोकरांस तो जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या पन्नास टक्के आणि जुलै २०२५ पासून अठ्ठावन्न टक्के झाला. भत्ता महागाईच्या मागून येतो, पुरता भरूनही येत नाहीं, पण येतो.

त्याच रस्त्यावरील गुदामांत पाठीवर पोतीं वाहणाऱ्या रोजंदारीच्या हमालास असा निर्देशांक नाहीं. डाळ दोनशें झाली म्हणून त्याची मजुरी दुसऱ्या दिवशीं वाढत नाहीं. २०२३-२४ च्या कुटुंबखर्चाच्या सरकारी पाहणींत खेड्यांत सरासरी ४७ टक्के आणि शहरांत जवळजवळ ४० टक्के खर्च अन्नावर होतो असें आढळलें. ही झाली सरासरी. गरिबाच्या घरीं हा वांटा त्याहून मोठा असतो. ज्याच्या पाठीवरून देशाची डाळ जाते, त्याच्याच ताटांतून ती सर्वांत आधीं नाहींशी होते. हा विरोध आपणांस अस्वस्थ करणारा असावयास हवा.

सरकारचें रेशन त्यास आधार देत नाहीं काय ? देतें, आणि त्याचें मोल आम्ही कमी लेखीत नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें माणशीं पांच किलो धान्याचा हक्क दिला. १ जानेवारी २०२३ पासून तें धान्य विनामूल्य मिळूं लागलें. पण तें गहूं, तांदूळ आणि भरड धान्य. डाळीचा त्या हक्कांत समावेश नाहीं. पोट भरतें, पोषण होत नाहीं. महाराष्ट्र सरकारनें २०२२ च्या दिवाळींत शंभर रुपयांत रवा, साखर, हरभऱ्याची डाळ आणि तेल ह्यांचा ‘आनंदाचा शिधा’ दिला. सणाच्या दिवशीं तो गोडच लागला असेल. परंतु वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस सणाचे नसतात.

मग करावें काय ?

टीका करणें सोपें. म्हणून आमच्या अल्पमतीस जो मार्ग दिसतो तो मांडतों. पीक भरघोस आलें आणि भाव आधारभूत किंमतीखालीं गेला, त्या वर्षीं सरकारनें मोकळ्या हातानें, वेळेवर, बारदान्यासह तूर विकत घ्यावी. टंचाई येईल त्या वर्षीं तीच डाळ शिधापत्रिकेवर, ठरलेल्या वजनानें, ठरलेल्या भावानें द्यावी. ह्यानें पहिल्या वर्षीं शेतकरी तरेल, दुसऱ्या वर्षीं हमाल तरेल, आणि बाजारांतील आपल्यासारख्या गिऱ्हाइकावरचा ताणही आपोआप हलका होईल. आयातीचा कर आणि निर्यातीचें बंधन ह्यांविषयीं जें ठरवावयाचें, तें पेरणीपूर्वीं, वैशाखांत, जाहीर करावें, आणि पीक घरीं येईपर्यंत बदलूं नये. सांठ्याची मर्यादा हें हत्यार पेटींत असावें; पण तें रोजच्या भाजी चिरण्यास वापरण्याची वेळ येऊं नये.

हें मनोराज्य नव्हे. करोनाच्या सांथींत, २०२० च्या एप्रिल ते नोव्हेंबर ह्या काळांत, शिधापत्रिकाधारक कुटुंबास दरमहा एक किलो डाळ अथवा हरभरा विनामूल्य देण्यांत आला होता. २०१८ च्या ऑगस्टांत केंद्रानें आपल्या सांठ्यांतील डाळ राज्यांस किलोमागें पंधरा रुपये सूट देऊन उपलब्ध केली होती. म्हणजे गाडी आहे, रस्ता आहे, मालही आहे. उणीव आहे ती नियमितपणाची. २०२५ च्या ऑक्टोबरांत डाळींच्या स्वयंपूर्णतेसाठीं केंद्रानें ११,४४० कोटि रुपयांची योजना सुरू केली, आणि तूर, उडीद व मसूर चार वर्षें शेतकऱ्याकडून पूर्णपणें विकत घेण्याचें वचन दिलें. हें वचन पाळलें जातें कीं नाहीं, हें दिल्लींतील भाषणांवरून कळणार नाहीं. तें हिंगणघाटच्या आणि अमरावतीच्या खरेदीकेंद्रापुढील रांगेवरून कळेल.

आपल्या हातीं काय आहे ?

सरकारचें काम सरकारनें करावें. पण आपण गृहस्थांनीं आणि विशेषतः गृहिणींनीं हात बांधून बसावें असें नाहीं. १९७२ च्या दुष्काळांत मुंबईस मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदि स्त्रियांनीं महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिति स्थापन केली, आणि हजारों बायका हातांत लाटणें घेऊन रस्त्यावर आल्या. ज्या वस्तूनें पोळी लाटावयाची तीच वस्तु त्यांनीं निशाण केली. सत्ताधाऱ्यांस त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाहीं. दुसरा मार्ग शांत, पण तितकाच परिणामकारक. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीनें शेजारच्या कुटुंबांचे लहान लहान संघ केले, आणि महिन्याचें वाणसामान एकत्र घाऊक खरेदी करून घरोघर पोंचविण्याची पद्धति पाडली. हें करण्यास कोणा मंत्र्याची परवानगी लागत नाहीं.

एकत्र कुटुंबाचा तर हा जुना वारसाच आहे. उन्हाळ्यांत वर्षाची तूर घ्यावी, घरीं भरडावी, एरंडेलाचा हात लावून कोठींत भरावी, ही रीत आपल्या आज्यांनीं पाळली ती उगीच नव्हे. हंगामांत, भाव खालीं असतां, पिकविणाराकडून वर्षाचा माल घेणें ही सांठेबाजी नव्हे. त्यानें शेतकऱ्यास गरजेच्या वेळीं गिऱ्हाईक मिळतें. उलट, भाव चढल्याची आवई ऐकून दुकानापुढें धांवणें आणि दोन महिन्यांची डाळ एकदम घरांत आणून टाकणें, ही आपल्या हातून होणारी लहानशी सांठेबाजीच आहे. अशीं हजार घरें एकाच आठवड्यांत धांवलीं, तर जें नुकसान होतें तें एखाद्या गुदामवाल्याच्या कुलुपापेक्षां कमी नसतें. वाडी, दत्तवाडी, हिंगणा ह्या बाजूच्या दहा-दहा कुटुंबांनीं मिळून माघ-फाल्गुनांत कोंढाळीकडच्या शेतकऱ्यांकडून थेट तूर घेतली, तर दोघांचाही लाभ आहे. पैशाचा लाभ लहान असेल. पण आपल्या वरणाची तूर कोण पिकवितो आणि त्यास काय मिळतें, हें घरांतील मुलांस कळेल. तें ज्ञान लहान नाहीं.

शेवटीं एकच सांगावयाचें. डाळ स्वस्त झाली कीं आपण निःश्वास टाकतों, आणि महाग झाली कीं सरकारास बोल लावतों. ह्यापुढें ती स्वस्त होईल त्या दिवशींही एक प्रश्न विचारण्याची संवय आपण लावून घेऊं : ही स्वस्ताई कोणाच्या खळ्यांतून आली ? ज्या घरांत हा प्रश्न विचारला जाईल, त्या घरास पुढील महागाई अचानक आली असें वाटणार नाहीं. आणि अशीं घरें पुष्कळ झालीं, तर सरकारासही गुदामाच्या कुलुपापलीकडे पाहणें भाग पडेल.